ओल्ड्स-डिड्सबरी, नोंद १४: सेक्शन ३४ सापडला, नकाशा जुळला

मंडळी, जुळला! काल रात्री पावणेबाराला १९८२ च्या पोटनिवडणुकीचा बूथनिहाय नकाशा पहिल्यांदा पुरा झाला. कुठे भोक नाही, कुठे एका बूथची हद्द दुसऱ्यावर चढलेली नाही. मागच्या तीन नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना माहीत आहे की मी कधीपासून याच एका ठिकाणी अडकून पडले होते. चूक सापडली ती लॅपटॉपसमोर नाही, रस्त्यावर सापडली. ते सविस्तर सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. अल्बर्टा प्रांतातला ओल्ड्स-डिड्सबरी हा कॅल्गरीच्या उत्तरेचा शेतीवाडीचा मतदारसंघ. १७ फेब्रुवारी १९८२ ला तिथे पोटनिवडणूक झाली आणि वेस्टर्न कॅनडा कन्सेप्टचा गॉर्डन केसलर निवडून आला. पश्चिम कॅनडाने वेगळा देश व्हावं म्हणणारा पक्ष, आणि त्याचा आमदार थेट प्रांताच्या विधानसभेत. केसलरला ४२ टक्क्यांच्या आसपास मतं होती, सोशल क्रेडिट पक्ष दुसरा आणि मुख्यमंत्री लॉहीड यांचा सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष तिसरा. ज्या पक्षाने १९७९ मध्ये ७९ पैकी ७४ जागा जिंकल्या होत्या, तो तिसरा! १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा (तेलावर केंद्राचा ताबा वाढवणाऱ्या) राग, मेट्रिक मापांचा राग, द्विभाषिक धोरणाचा राग, सगळा एका मतपेटीत उतरला होता.

मला शोधायचंय ते एवढंच: ती ४२ टक्के मतं नकाशावर कुठे होती, आणि जून २०२५ च्या इथल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पार्टी ऑफ अल्बर्टाला (हाही वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष) मिळालेली मतं त्याच गावांतून, त्याच शिवारांतून आली का. त्यासाठी १९८२ चे बूथ आणि २०२५ चे बूथ एकाच जाळीवर बसवायला हवेत. तिथेच घोडं अडलं होतं.

शहरी बूथचा प्रश्न नव्हता, ते गल्ल्यांच्या नावांनी लावता येतात. अडचण होती शेतांमधल्या बूथची. त्यांच्या हद्दी माझ्या कागदांत टाउनशिप, रेंज, सेक्शन अशा दिल्यात. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैलाचा. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजायच्या, रेंज मेरिडियनपासून, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या रेखावृत्तापासून, पश्चिमेकडे. टाउनशिपची चौकट अल्बर्टा टाउनशिप सिस्टिमची तयार मिळते, ती मी घेतली होती. फाइल हलकी राहावी म्हणून सेक्शन मात्र माझ्याच स्क्रिप्टने कापले: सहा आडव्या ओळी, सहा उभ्या, १ ते ३६ आकडे.

पूर्ण टाउनशिप घेणारे बूथ अगदी बरोबर बसत होते. जिथे एक टाउनशिप दोन-तीन बूथमध्ये वाटली गेली आहे तिथे मात्र गोंधळ. एका बूथचा तुकडा शेजारच्याच्या डोक्यावर, मध्ये रिकामी पट्टी. नोंद ११ मध्ये मी सगळा दोष पाचव्या मेरिडियनला दिला होता. संशयाला जागाही होती. पाचवा मेरिडियन म्हणजे ११४ अंश पश्चिम, तो ओल्ड्सच्या पूर्वेला लागूनच जातो. त्याच्या पूर्वेला चौथ्या मेरिडियनपासून मोजलेली २९ वी रेंज आहे, पण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात म्हणून ती पुरी सहा मैलांची नाही, इथे तिची अरुंद पट्टीच उरते. माझ्या स्क्रिप्टने तिलाही सहा उभ्या ओळी दिल्या होत्या. ते दुरुस्त केलं आणि पूर्वेकडची भोकं बुजली. पश्चिमेची तशीच राहिली.

नोंद १२ मध्ये करेक्शन लाइन. दर चार टाउनशिपनंतर जाळी पुन्हा सरळ करून घेतात, त्यामुळे ३० आणि ३१ च्या मध्ये, ३४ आणि ३५ च्या मध्ये उभ्या रेघा एकमेकींना भिडत नाहीत. तिकडचे कोपरे तपासण्यात तीन आठवडे गेले. तिथे चूक नव्हतीच. नोंद १३ मी किती कंटाळून लिहिली होती ते तुम्ही वाचलंयच.

मग ठरवलं की एक बूथ प्रत्यक्ष जाऊन पाहायचा. मागच्या शनिवारी कॅल्गरीहून हायवे २ ने वर गेले, ओल्ड्सच्या अलीकडे खडीच्या रस्त्याला लागले. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगते, तिथे नकाशाच पाट्यांवर लिहिलेला असतो. टाउनशिप रोड ३२४ म्हणजे ३२ व्या टाउनशिपच्या दक्षिण कडेपासून चार मैल वर. रेंज रोड १४ म्हणजे पहिल्या रेंजमध्ये चार मैल पश्चिमेला. पूर्वेकडून येताना रेंज रोडचे आकडे २९० च्या घरातून एकदम १० वर उतरतात, तिथे मेरिडियन ओलांडला. त्या पाटीपाशी गाडी थांबवून मी खाली उतरले. वारा असा की हातातला छापील नकाशा बॉनेटवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरावा लागला.

मला हवा होता एक जुना कम्युनिटी हॉल, १९८२ च्या यादीतलं मतदानाचं ठिकाण. कागदावर सेक्शन ३४. माझ्या नकाशात तो टाउनशिपच्या तळाच्या ओळीत होता. तिथे गेले तर नांगरलेलं रान आणि एक कुंपण. परत वर निघाले, आणि आठ किलोमीटरवर, टाउनशिपच्या अगदी उत्तरेच्या कडेला हॉल उभा. पांढऱ्या फळ्या, हिरवं छप्पर, दाराला कुलूप. समोरच्या रस्त्याच्या पाटीवरचा शेवटचा आकडा शून्य, म्हणजे पुढची टाउनशिप इथून सुरू.

आठ किलोमीटर म्हणजे पाच मैल, म्हणजे पाच ओळी! उभ्या ओळीत हॉल बरोबर होता, पूर्व-पश्चिम फरक नाही. फक्त वरचं खाली गेलं होतं.

कॅनडात सेक्शन १ आग्नेय कोपऱ्यात असतो. तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग वरच्या ओळीत उलट पूर्वेकडे, बैल नांगर फिरवतो तसं, आणि ३६ ईशान्येला. अमेरिकेत १ ईशान्येला आणि ३६ आग्नेयेला. माझ्या स्क्रिप्टमधली आकड्यांची ओळ अमेरिकन पद्धतीची होती. प्रत्येक टाउनशिप आडव्या आरशात पाहिल्यासारखी उलटी झाली होती, आणि पूर्ण टाउनशिपच्या बूथमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण ३६ च्या ३६ सेक्शन त्याच बूथचे. दुरुस्ती एका ओळीची. घरी येऊन ती केली. त्यानंतर उरलेली किरकोळ भोकं टायपिंगच्या चुकांची निघाली, ती आठवडाभर रोज रात्री एकेक करून बुजवली. काल शेवटची बुजली.

माझं आता स्पष्ट मत झालंय की तयार अधिकृत सेक्शनचा थर मिळत असेल तर फाइल कितीही जड होवो, तोच घ्यावा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तो आरामात पेलतं. फुकट मिळणाऱ्या या सॉफ्टवेअरमधली भूमिती तपासणीची सोय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, कुठली हद्द कुठे चढते ते रंगवून दाखवते. उलट पैसे मोजून घेतलेल्या एका ओसीआरने (छापील पानावरची अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) जुन्या तक्त्यांतले ३ आणि ८ इतके अदलाबदल केले की शेवटी सगळे आकडे हाताने भरले. हाताने भरायला चार संध्याकाळी लागल्या, दुरुस्त करायला त्याहून जास्त लागल्या असत्या.

एक छोटा आनंद तुम्हाला सांगायचाच आहे. फोटोकॉपीच्या एका पानावर स्टेपलचं भोक नेमकं केसलरच्या रकान्यातल्या एका आकड्यावर आलंय. दोन अंकी संख्या, दुसरा अंक गायब. आडवी बेरीज केली, एक अंक निघाला. उभी बेरीज केली, तोच अंक निघाला. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं तेव्हा मी त्या चौकोनाला पिवळा रंग दिला आणि उठून चहा टाकला.

आता पुढचा पेच. मूळ बेत असा होता की १९८२ ची मतं क्षेत्रफळाच्या प्रमाणात २०२५ च्या हद्दींमध्ये वाटायची. ज्यांनी आपल्याकडे २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेवर काम केलंय ते म्हणतील की हे धोक्याचं आहे, आणि ते खरंच आहे. इथे वस्ती सारखी पसरलेली नाही. कॅल्गरी-एडमंटन रेल्वे १८९१ मध्ये झाली आणि कारस्टेअर्स, डिड्सबरी, ओल्ड्स ही गावं त्या रुळांवर वसली. एका टाउनशिपमध्ये गाव, शेजारच्या टाउनशिपमध्ये मोजकी घरं. क्षेत्रफळाने वाटलं तर ओल्ड्सची मतं गव्हात जातील. शिवाय मतदारसंघही तोच राहिलेला नाही. १९९७ पासून तो ओल्ड्स-डिड्सबरी-थ्री हिल्स आहे, पूर्वेकडचा मोठा मुलूख त्याला जोडला गेला.

हे लिहितानाच सुचतंय की दोन्ही निवडणुका एकमेकींवर बसवूच नयेत. दोन्ही वेगवेगळ्या टाउनशिपवर आणाव्यात. टाउनशिप कधी बदलली नाही, मतदारसंघ कितीदाही बदलो. ज्या टाउनशिपमध्ये गाव आहे ती बाजूला काढायची, बाकीच्या शेतीच्या टाउनशिपची आपसात तुलना करायची. असं केलं तर थ्री हिल्सचा भाग आपोआप वेगळा राहतो. आगाऊ मतदानाची मतं मात्र शेतावरच्या बूथना वाटून देता येत नाहीत, ती वेगळ्या रकान्यातच ठेवावी लागतील. म्हणून आधीच्या नोंदीतला वाटपाचा तक्ता रद्द समजा.

आकड्यांबद्दल एक गोष्ट आत्ताच बोलून टाकते, कारण २०२५ च्या निकालानंतर ‘केसलर परत आला’ असं मी ठिकठिकाणी वाचलं. मला ते पटत नाही. २३ जून २०२५ ला सत्ताधारी युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्हच्या तारा सॉयर यांना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, न्यू डेमोक्रॅट दुसरे, आणि रिपब्लिकन पक्षाचे नेते कॅमेरॉन डेव्हिस स्वतः उभे राहूनही १८ टक्क्यांच्या आत, तिसरे. १९८२ मध्ये चित्र उलटं होतं. तिथे रॉबर्ट क्लार्क १९६० पासून सोशल क्रेडिटचे आमदार होते. १९७१ मध्ये लॉहीड यांनी सोशल क्रेडिटची ३६ वर्षांची सत्ता घालवली तेव्हाही ते टिकले. १९७५ आणि १९७९ मध्ये पक्षाचे चारच आमदार आले, त्यांतले ते एक. त्यांनी १९८१ मध्ये राजीनामा दिला आणि सत्ताधाऱ्यांच्या विरोधात मत द्यायची सवय असलेला मतदार मोकळा झाला. केसलरने तो उचलला. आज त्या मतदाराला सत्ताधारी पक्षच आपला वाटतो.

आणि ती सवय जुनी आहे. १९०५ मध्ये प्रांताच्या पहिल्या विधानसभेत २५ पैकी कॉन्झर्व्हेटिव्ह दोनच निवडून आले, त्यांतले कॉर्नेलियस हिबर्ट इथल्या रोझबडचे. १९२१ मध्ये लिबरल सरकारचे कृषिमंत्री डंकन मार्शल, ज्यांच्या काळात १९१३ मध्ये ओल्ड्सला शेतकी शाळा सुरू झाली, त्यांनाच ओल्ड्सने घरी बसवून युनायटेड फार्मर्स पक्षाचा माणूस दिला. १९३५ मध्ये फार्मर्सना टाकून सोशल क्रेडिट. २०१२ आणि २०१५ मध्ये वाइल्डरोज पक्ष. केसलरनंतर २०१२ पर्यंतची वर्षं प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हची, त्यांत माझ्या दृष्टीने फारसं काही घडत नाही.

केसलरचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. लॉहीड यांनी त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सार्वत्रिक निवडणूक घेतली, ७९ पैकी ७५ जागा जिंकल्या. वेस्टर्न कॅनडा कन्सेप्टला प्रांतभरात १२ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि जागा एकही नाही. केसलर हायवुडमधून उभा राहून हरला. ओल्ड्स-डिड्सबरीत फेब्रुवारीला तिसरे आलेले स्टीफन स्टाइल्सच जिंकले. म्हणजे नऊ महिन्यांत तेच मतदार, तोच सत्ताधारी उमेदवार, फक्त फुटीरवादी पक्षाचा चेहरा वेगळा. व्यक्तीची मतं किती आणि पक्षाची किती हे तपासायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. २०२५ नंतर बघू. आधी फेब्रुवारी आणि नोव्हेंबर १९८२ एकाच जाळीवर लावते. हद्दी जुळवण्याची कटकटही तिथे कमी होईल.

त्याच्या जोडीला १९२६ ते १९५५ चे पसंतीक्रमाचे निकाल उघडलेत. त्या आठ सार्वत्रिक निवडणुकांत ग्रामीण मतदारसंघांत १, २, ३ असे आकडे लिहून मत द्यायचे, त्यामुळे जिथे दुसरी फेरी झाली तिथे बाद उमेदवाराची मतं कुणाकडे गेली ते छापलेलं आहे. तेव्हा ओल्ड्स आणि डिड्सबरी दोन वेगळे मतदारसंघ होते, दोन्हींचे तक्ते लावायचेत. ज्यांनी फेरीनिहाय मतांचे तक्ते आधी केलेत त्यांनी सांगावं: बाद झालेल्या मतपत्रिकांसाठी वेगळा रकाना ठेवता की प्रत्येक फेरीच्या बेरजेत धरता? मी सध्या वेगळा ठेवलाय. डिड्सबरी १९२६ पासून आज सुरुवात करते.