साठ लाखांचा 'चायना माल'?

२०२५ च्या जुलैत टेस्लाचं शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं, तेव्हा मेहुण्यासोबत मॉडेल वाय बघायला गेलो होतो. गाडी शांघायहून येते हे कळल्यावर त्याने मला बाजूला घेतलं, "दाजी, साठ लाख देऊन चायना माल?"

मी चाकणला बॉडी शॉपच्या, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि पत्रे जोडतात त्या विभागाच्या क्वालिटीत चौदा वर्षं काढलीत, त्यामुळे हे ऐकलं की राहवत नाही. बॉनेट आणि फेंडरच्या फटीवरून बोट फिरवलं, मग दरवाजे, मग डिकी. गॅप शेवटपर्यंत सारखा, पत्रा कुठे वरखाली नाही, आणि अर्धा मिलिमीटर फरक असला तरी नखाला लगेच लागतो बरं का.

याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट प्लांटमध्ये २०१८ ला मॉडेल ३ साठी तंबू ठोकून लाईन चालवली होती, आणि तेव्हाच्या गाड्यांचे वाकडे गॅप आणि पेंटच्या तक्रारी जगभर गाजल्या. प्रॉडक्शन घाईने वाढवताना क्वालिटी सांभाळणं अवघड जातं हे २०२१ मध्ये खुद्द टेस्लाच्या मस्कने, गाड्या सुट्या करून तपासणाऱ्या सँडी मन्रो या इंजिनियरशी बोलताना कबूल केलंय. शांघायच्या प्लांटचं बांधकाम सुरू झालं जानेवारी २०१९ ला आणि वर्ष संपायच्या आत गाड्या बाहेर, पण तोवर मॉडेल ३ चं डिझाईन मुरलेलं होतं, लाईन नवी होती, आधीच्या चुका माहीत होत्या. ऑक्टोबर २०२० पासून त्या गाड्या युरोपात जायला लागल्या आणि तिथले लोक म्हणायला लागले की अमेरिकेतल्यापेक्षा ह्या बऱ्या जुळवल्यात. बीएमडब्ल्यूची पहिली आयएक्स३ पण चीनमधल्या शेनयांगचीच, व्होल्वो एस९० डाचिंगची, चेसिस नंबर एल पासून सुरू झाला की गाडी चीनमध्ये बनलीय समजायचं.

पण गॅप सरळ म्हणजे गाडी टिकाऊ असं मी मेहुण्याला अजिबात सांगितलं नाही. जर्मनीत गाड्यांची तपासणी करणाऱ्या टीयूव्हीच्या २०२४ च्या रिपोर्टात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये मॉडेल ३ सगळ्यात खाली, १४.७ टक्के गाड्यांमध्ये मोठे दोष, त्यात सस्पेन्शन आणि ब्रेक डिस्क. माझ्या मते हा प्रश्न डिझाईनचा आणि मेंटेनन्सचा आहे, कुठल्या देशात जोडली त्याचा नाही.

"मग घेऊ का नको?"

म्हटलं, पत्र्याची काळजी सोड. टेस्ट ड्राईव्ह मात्र खड्ड्यांच्या रस्त्यावर घे, आणि नंतर लिफ्टवर चढवून सस्पेन्शनचे खालचे आर्म आणि त्यांचे रबरी बुश दाखवा म्हणून अडून बस.