अंथरलेल्या बातम्या

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी सगळ्यात जास्त वेळ खातात त्या स्वयंपाकघरातल्या फळ्या, आणि त्यात धुळीचा काही दोष नाही. दोष माझा. डबे उतरवायचे, जुना पेपर काढायचा, फळी पुसायची, बोरिक पावडर भुरभुरायची, नवा पेपर अंथरायचा, डबे परत जागेवर. तासाभराचं काम. पण जुना पेपर हातात आला की मी तो घेऊन तिथेच स्टुलावर बसते. हळदीचे डाग, डब्यांच्या बुडांची वर्तुळं आणि त्या वर्तुळांतून डोकावणाऱ्या बातम्या. तेलाच्या बरणीखालचा कागद तर इतका तेल प्यायलेला असतो की पुढची बातमी आणि मागची जमिनीची जाहिरात एकदमच वाचता येते. मग सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून विचारतात, "अगं, पुसून राहिली की वाचून राहिली?"

हे आमचं इंदुरी मराठी. पुण्याचे पाहुणे आधी दचकतात, मग हसतात, आणि चार दिवस राहिले की स्वतःच "येऊन राहिलो" म्हणायला लागतात. घरात बोलणं मराठी, पेपर हिंदी, आणि भांडण झालं तर जी भाषा आधी सापडेल ती. माझे सासरे तीस वर्षं एकच पेपर वाचत होते, 'नई दुनिया'. 5 जून 1947 ला इथेच सुरू झालेला. त्याचे संपादक राहुल बारपुते, म्हणजे आपल्यातलेच, याचा सासऱ्यांना असा अभिमान की जणू बारपुत्यांची मुंज यांच्याच ओट्यावर लागली होती. "हिंदीवाल्यांना हिंदी मराठी माणसानं शिकवली," असं ते जेवताना म्हणायचे. त्याच पेपराचे पुढचे, बिनमराठी संपादक राजेंद्र माथुर यांचं नाव मधे आलं की आमटी वाढून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

तर फळ्या. सगळ्या एका वेळी बदलल्या जात नाहीत, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात एकाच वेळी वेगवेगळी सालं नांदत असतात. मसाल्याची फळी दरवर्षी. रव्या-कणकेची यंदा मार्चमध्येच, कारण रव्यात किडे झाले. सगळ्यात वरची, जिच्यावर सासूबाईंची पितळेची भांडी आहेत, तिला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. तिथे पेपरावर पेपर चढलेले, चिरोट्याचे पदर जसे.

यंदा पितळ घासायला काढलं म्हणून वरचे पदरही निघाले. त्यात 2013 सालचा मे महिना होता. बीआरटीएस सुरू झाल्याची बातमी, पहिल्याच पानावर. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटर, मधोमध बसची राखीव वाट, दोन्ही बाजूंना रेलिंग. खाली ठळक अक्षरांत 'जाम से मिलेगी निजात'. हे 'निजात' मला फार आवडतं. हिंदी पेपरात वाहतूककोंडीतून माणसाची नुसती सुटका कधी होत नाही, थेट मोक्षच मिळतो.

तो घडी घालून बाजूला ठेवला आणि रव्याच्या फळीवरचा काढला. 2025 चा फेब्रुवारी. हायकोर्टाची परवानगी मिळाली, बीआरटीएस उखडणार. कशासाठी? जाम से मिलेगी निजात.

मी दोन्ही पेपर ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. बारा वर्षांचं अंतर आणि वाक्य तेच. रेलिंग लावल्यानं मोक्ष, रेलिंग काढल्यानं मोक्ष. मला या बातमीत हसू येतं तेवढंच वाईटही वाटतं, कारण मी त्या बसच्या बाजूची होते. आयबसमधून जाताना बाहेर खोळंबलेल्या गाड्यांकडे मी एखाद्या संस्थानिकासारखी बघत असे, आणि त्या गाड्यांत कधीकधी आमचे हेही असत, घामाघूम, हॉर्नवर अंगठा ठेवून. त्यांचं मत अर्थातच उलट. "रस्त्याचा मधला भाग तुम्हा बसवाल्यांना आणि कडेकडेनं आम्ही," असं ते बारा वर्षं म्हणत आले. जिंकले शेवटी. पण काढायचा निर्णय झाला तरी रेलिंग काही महिने तशीच, कुठे उखडलेली, कुठे उभी. आता ते म्हणतात, होती तेव्हा निदान सरळ तरी होती.

पेपराला सगळ्यात प्रिय काळ म्हणजे भविष्यकाळ. होणार, मिळणार, धावणार, बदलणार. ज्या दिवशी छापतात त्या दिवशी हा काळ फार रुबाबदार दिसतो. फळीवर चार वर्षं डाळीचा डबा डोक्यावर घेऊन बसला की त्याची रया जाते. म्हणून पेपर ताजा वाचण्यात मला पूर्वीइतका रस उरलेला नाही. शिळाच बरा. त्याच्याशी वाद घालता येतो आणि तो उलट बोलत नाही.

मेट्रोचंही तेच. होणार होणार करत तिनं आमच्या चार-पाच फळ्या व्यापल्या. सप्टेंबर 2023 मध्ये ट्रायल रन, आणि अखेर 31 मे 2025 ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, सहाएक किलोमीटर, पाच स्टेशनं. पहिला आठवडा तिकीट नव्हतं. आम्ही सगळे गेलो, जत्रेला जावं तसे. या टोकापासून त्या टोकाला, आणि परत. मधे कुठे उतरायचं कारण नव्हतं, कारण तिथे आमचं कुणी राहत नाही. सासूबाईंना थंडगार डबा आवडला. "छान आहे," म्हणाल्या, "आता राजवाड्याला केव्हा जाणार ही?" मी सांगितलं, जाणार आहे.

एका फळीवर 2017 सालची चौदा फुटी रोबोची बातमी सापडली. बर्फानी धामच्या चौकात वाहतूक सांभाळायला बसवलेला रोबो, हात फिरवून गाड्या थांबवणारा. फोटोत तो गंभीर दिसतो. मी काही तो प्रत्यक्ष पाहिला नाही. पाहिला तो हायकोर्ट चौकातला हवालदार, मूनवॉक करत मागे सरकणारा, शिट्टीच्या तालावर हात उडवणारा. त्याच्यासाठी मी सिग्नल हिरवा झाला तरी थांबले आहे. यंत्र माणसासारखं करायला निघालं होतं तेव्हा इथे एक माणूस यंत्राच्या काटेकोरपणानं नाचत होता, हे आमच्या शहराला शोभूनच दिसतं.

सगळ्यात खाली, माळ्यावरच्या ट्रंकेत, 1999 चा डिसेंबर होता. सासऱ्यांच्या स्वेटरांखाली. वायटूके. नव्या मुलांना आता हा शब्द समजावून सांगावा लागतो. जुन्या कॉम्प्युटरांत सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवत, जागा वाचावी म्हणून, आणि 99 नंतर 00 आलं की यंत्राला ते 1900 वाटेल, अशी धास्ती. बँका बंद पडतील, विमानं भरकटतील. सासरे बँकेत होते. वाड्यातले लोक त्यांना विचारायला येत आणि ते खुर्चीत मागे रेलून सांगत, "काही होत नाही हो. सगळी तयारी आहे." आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या खात्यातून दहा हजार काढून तांदळाच्या डब्यात, पेपराखाली ठेवले होते. सासूबाईंना ते संक्रांतीला तांदूळ उपसताना सापडले. त्यांनी ते परत दिले नाहीत. "कॉम्प्युटरनं खाल्ले," असं सांगितलं म्हणे. पाटल्या केल्या.

त्या पाटल्या आज माझ्या लेकीच्या नावानं ठेवलेल्या आहेत आणि लेक बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आली होती, माझ्या शेजारी बसून तीही वाचत होती. तिच्या हाताला लागला गेल्या वर्षीचा पेपर, त्यात एआय. लिहिणार, चित्रं काढणार, कोड करणार, नोकऱ्या घेणार. पुन्हा सगळा भविष्यकाळ. तेव्हाची भीती होती की यंत्राला साधी तारीख कळणार नाही, आताची भीती की त्याला सगळंच कळेल. लेक म्हणाली, "आई, माझं अर्धं काम तेच करतं आता." सासूबाई करंजीच्या कडा मुरडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग पगार पूर्ण तुलाच देतात ना अजून?"

लेक हसली, पण लगेच नाही.

काही पेपर मात्र अंथरायचे नसतात. देवांचे फोटो असलेले तर नाहीतच. त्याशिवाय आमच्या घरी एक वेगळी चळत आहे, कपड्यांच्या कपाटात. तिच्यात 7 फेब्रुवारी 2022 चा पेपर आहे, आदल्या दिवशी लताबाई गेल्या तो. पहिलं पान भरून चेहरा. इंदूरला त्या जन्मल्या, सिख मोहल्ल्यात, 1929 साली. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला मुंबईच्या माणसाहून जरा जास्त हक्कानं रडता येतं. त्या वर्षी दिवाळीत पेपर कमी पडत होता आणि मी नकळत तो उचलला. सासूबाईंनी हातातून काढून घेतला. "तिच्या तोंडावर मिठाची बरणी ठेवशील?" म्हणाल्या. मग त्यांनी फळीवर आतल्या पानांचा शेअरबाजार अंथरला. त्याचं मात्र त्यांना काही वाटलं नाही.

त्याच चळतीत 4 ऑक्टोबर 2024 चाही आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी, हिंदीतून. ती आम्ही मोठ्यानं वाचली. 1917 ला मराठी साहित्य संमेलन इंदूरला झालं आणि पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलन, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. असं हे गाव, एक मांडव उतरवत नाही तोवर दुसरा घालणारं. तेव्हा मराठीच्या गौरवाची बातमी हिंदीत वाचायला आम्हाला काही वावगं वाटत नाही. लेकीनं तेवढ्यात फोनवर विचारलंच, "आजी, तुझं 'करून राहिली' पण अभिजात झालं का गं?" आजी म्हणाली, "ते आधीपासूनच होतं, दिल्लीला आता कळून राहिलं."

आणि पोहे. इंदूरच्या लेखात पोहे न आणणं म्हणजे लग्नात मुलगी न आणण्यासारखं आहे, म्हणून थोडक्यात आणते. 2023 च्या सप्टेंबरात देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बजावलं, खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, वाढू नका; शाईत शिसं असतं. योग्यच आहे. ही बातमी मी वाचली ती आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं दिलेल्या कागदावर. शेव बाजूला सारत सारत वाचावी लागली. 'शिसं' या शब्दावर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, पडलं होतं. मी पोहेवाल्या भियाला, म्हणजे भैयाला, दाखवलं. त्यानं वाचलं, गंभीरपणे मान हलवली, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला त्याच गठ्ठ्यातला दुसरा तुकडा दिला. पैसे मात्र फोनवर. डबीतून बाई खणखणीत आवाजात सांगते किती आले. आता वाटीत देतो तो. वाटीत पोहे जरा कमी वाटतात, आणि वाचायलाही काही मिळत नाही.

यंदा पंचाईत अशी की अंथरायलाच पेपर नव्हता. आम्ही आता फक्त रविवारचा घेतो, बाकी सगळं फोनवर. रविवारच्या पुरवण्या गुळगुळीत, त्या फळीवर सरकतात. अटालेवाल्याकडून किलोभर रद्दी विकत आणावी असं माझ्या मनात होतं. आयुष्यभर त्याला रद्दी विकली, आता त्याच्याकडून घ्यायची, म्हणजे काळाचा काटा बरोबर उलटा फिरला. लेक म्हणाली, "आई, प्लीज." आणि तिनं फळ्यांवर घालायच्या प्लास्टिकच्या मॅट मागवल्या. धुता येतात, किडे होत नाहीत, पिवळ्या पडत नाहीत. फिकट हिरव्या, वर पानांची नक्षी. वाचण्यासारखं काहीही नाही. फाटल्या की सुक्या कचऱ्यात नव्हे, प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात. आमच्या दारी येणाऱ्या गाडीला सहा कप्पे असतात आणि सासूबाईंना ते सहाही पाढ्यासारखे पाठ आहेत. 2016 ला स्वच्छतेत पंचविसावं असलेलं शहर 2017 ला पहिलं आलं, आणि त्यानंतर पहिलं येणं आमच्या अंगात इतकं मुरलंय की 2023 ला तो नंबर सुरतबरोबर वाटून घ्यावा लागला तेव्हा सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. "सुरत?" एवढंच म्हणायच्या.

मॅटचं खोकं आलं. उघडलं, तर मॅट हलू नयेत म्हणून आत चुरगळून कोंबलेला पेपर. मी तो मांडीवर घेऊन हातानं सपाट करायला लागले. गुजराती. डोक्यावरची रेघ पुसलेली आपलीच अक्षरं. एकेक लावत गेलं की उमगतात. साड्यांचा सेल, एका पुलाचं भूमिपूजन, आणि मथळ्यात कुठल्याशा रस्त्याबद्दल 'मळशे', म्हणजे मिळणार. गावाचं नाव सुरत.

मॅट लावल्या. चार फळ्या झाल्या, पाचवीला कमी पडली, चांगली वीतभर. लेक फोन काढून अजून एक मागवायला लागली. सासूबाईंनी तो गुजराती पेपर माझ्या मांडीवरून उचलला, दोन्ही बाजूंनी निरखला.

"याला काय झालंय? हाच अंथर," म्हणाल्या. "स्वच्छच असेल. ते पण पहिले आले होते ना."