शिक्षा, चेष्टा आणि मी

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा असतोच, की तोंड मराठीत उघडलं आणि बाहेर हिंदी पडली. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत दोन्हीची भेळ. आपल्याला आपलं वाटत असतं की काय फर्स्टक्लास मराठी बोलतोय आपण, पुण्याच्या पाहुण्यांचे चेहरे बघेपर्यंत.

माझा किस्सा १९९२च्या गणपतीतला. मी नववीत होते, आणि रामबागेत आमच्या गल्लीच्या मांडवात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय अहिल्याबाई होळकर (इंदुरात दुसरा विषय देतंय कोण!). भाषण अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी लिहून दिलेलं, फुलस्केपचे अडीच कागद आणि त्यात 'प्रजावत्सल', 'व्रतस्थ' असले घासात खडा लागावा तसे शब्द. मी ते गच्चीवर, न्हाणीघरात, सायकल चालवताना, सगळीकडे घोकलं होतं.

"१७२५ साली चौंडी गावात माणकोजी शिंदे यांच्या घरी..." इथपर्यंत गाडी मस्त चालली. मग पहिल्या रांगेतल्या एका काकांनी जांभई दिली. एवढंच. पण मी ती पूर्ण बघितली, अगदी शेवटपर्यंत, आणि ती संपली तेव्हा माझ्या डोक्यातले अडीच कागद कोरे झालेले. अण्णा खालून ओठ हलवून काहीतरी सांगतायत, ते दिसतंय पण कळत नाहीये, माईक खरखरतोय. अशा वेळी मेंदू हाताला लागेल ते देतो, आणि माझ्या हाताला लागलं शाळेचं हिंदी पुस्तक. मी ठणकावून म्हटलं, "माणकोजींनी आपल्या मुलीला लहानपणीच शिक्षा दिली!"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय ते सांगायला नकोच.

मांडवात खसखस पिकली. मला काही कळेना, वाटलं वेणी सुटली की काय, म्हणून एका हाताने वेणी चाचपत मी आवाज आणखी चढवला, "त्या काळात मुलींना कोणी शिक्षा देत नसे! पण माणकोजींनी दिली! पुढे सासरे मल्हाररावांनीही दिली!" आता लोक खुर्चीवरून घसरायला लागलेले. आणि मी शेवटचा घाव घातला, "१७६७ ते १७९५, तब्बल अठ्ठावीस वर्षं, त्यांनी प्रजेला सुखी ठेवायची चेष्टा केली."

तिकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न हो. इकडे बिचारी प्रजा.

सगळ्यात वर्मी कोण लागलं असेल तर आजी. माझी सख्खी आजी, पहिल्या रांगेत, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. कौतुक एकाच व्यक्तीने केलं, शेजारच्या आंटींनी. "बहुत बढ़िया बोली बेटा, पहली बार मराठी भाषण पूरा समझ में आया।" हे ऐकून मी घरी जाऊन जी रडले ती जेवायच्या वेळेपर्यंत.

पुढे दिवाळीपर्यंत मी क्लासला लांबच्या गल्लीतून जायचे, कारण कोपऱ्यावर उभी राहणारी मराठी पोरं हमखास विचारायची, "काय मग, आज शिक्षा झाली का?" घरात कोणी साधं अहिल्याबाईंचं नाव काढलं तरी मी उठून जायचे. आणि इंदुरात ते नाव टाळणं म्हणजे काय सांगू, विमानतळसुद्धा त्यांच्याच नावाचा.

मी स्वतःवर कधी हसायला लागले ते मात्र मला नेमकं माहितीये. पुण्याला हॉस्टेलवर, पहिल्याच आठवड्यात. रूममेटने लाडवाच्या डब्याबद्दल विचारलं आणि मी म्हटलं, "खाली आहे." ती बिचारी वाकून पलंगाखाली बघायला लागली. अर्धी आत गेली, तिथून विचारतेय, "कुठेय गं?" आणि मी टेबलावरचा रिकामा डबा हातात धरून उभी. नेहमीसारखे कान तापले, पण तिचे ते बाहेर राहिलेले पाय बघून मला इतकं हसू फुटलं की मी खाली फतकलच मारली, आणि त्याच झोक्यात, चार वर्षं कोणाला न सांगितलेली अहिल्याबाई सांगून टाकली. रात्री शेजारच्या दोन खोल्यांतल्या मुली आल्या, "ते शिक्षावालं सांग ना." मी सांगितलं. आजीचा पदर थोडा वाढवून सांगितला.

लोक म्हणतात स्वतःवर हसायला मोठं मन लागतं. मला नाही तसं वाटत. माझ्या बाबतीत तरी तो सरळ लोभ होता, मांडवात जे हसू माझ्यावर सांडलं ते मला परत हवं होतं, फक्त या वेळी माईक माझ्या ताब्यात.

मध्ये कुठेतरी वाचलं, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रवाल्यांनी मुलांना बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा मोठा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. २००० साली छापून आलंय ते. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी फोटो ओळखला असेल, आणि प्रत्यक्षात ओळखला जेमतेम पाव लोकांनी. वाचून मी म्हटलं ठीक आहे बाबा, पण मी स्टेजवर होते, लाउडस्पीकरसकट. माझ्याकडे सगळेच बघत होते.

तर गेल्या महिन्यात इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानावर, पोहे-जिलबी खाताना ती भेटली, त्या दिवशी जिचा पहिला नंबर आला होता ती. तीस वर्षांनी. मी लगेच, "अगं आठवतं का, ते अहिल्याबाईंचं भाषण?" तर म्हणाली, "विसरणारे का मी! बक्षीस घ्यायला उठले आणि परकराची नाडीच सुटली. एका कोपराने परकर दाबून धरलेला आणि एका हाताने कप घेतलाय, फोटोत बघ, मी तिरकी उभी आहे. पुढे वर्षभर मी मांडवात पाऊल टाकलं नाही."

मी तर तो परकर बघितलाच नव्हता. मी तेव्हा मागे, पडद्याआड रडत होते.

"आणि माझं भाषण?" मी विचारलं.

"तू होतीस का स्पर्धेत?"

खरं सांगते, वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेली माझी फजिती, आणि हिला पत्ताच नाही! मी पोह्यांवर आणखी थोडा जीरावण मसाला भुरभुरला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "थांब, पहिल्यापासून सांगते. १७२५ साली चौंडी गावात..."