कोल्डप्लेचं तिकीट नाही मिळालं म्हणून परुळ्याला गेलो

सप्टेंबर २०२४ मधला तो रविवार, दुपारचे बारा, घरात तीन फोन आणि एक लॅपटॉप, बायको एका कोपऱ्यात मी दुसऱ्या, आणि सगळ्या स्क्रीनवर एकच, की तुम्ही रांगेत आहात. माझा नंबर सहा लाखांच्या पुढे. बायकोचा चार लाख काहीतरी होता तर ती माझ्याकडे अशी बघत होती जसं काही तिचं तिकीट निघालंच. दोघांनाही नाही मिळालं. २०१६ ला हाच इंग्लिश बँड मुंबईत बीकेसीत येऊन गेला होता तेव्हा मी म्हटलेलं, गर्दी असेल, पुढच्या वेळी बघू. ही पुढची वेळ.

माझ्या फोनमध्ये एक यादी आहे, 'समोर बसून ऐकायचे'. कॉलेजपासूनची, फोन बदलले पण यादी चालत आली. मजा अशी की यादीतून नावं कमी होतात ती ऐकून झाल्यामुळे कमी आणि माणूसच गेल्यामुळे जास्त. गायिका किशोरीताई आमोणकर वर्षानुवर्षं पहिल्या पाचात होत्या. एकदा पास हातात होता, पण त्या उशिरा सुरू करतात, सूर लागेपर्यंत वेळ घेतात, दुसऱ्या दिवशी ऑफिस, असं करत गेलो नाही. मग एप्रिल २०१७ आला आणि संपलं. भीमसेनजी जोशी ऐकलेत असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं सांगायचं तर सहावी-सातवीत असताना बाबांनी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेत नेलं होतं, तिथे मी शालीत गुंडाळून झोपलो होतो, जाग आली तेव्हा लांब एक माणूस हवेतून काहीतरी ओढून काढत होता आणि बाबा रडत होते. याला ऐकणं म्हणायचं का माहीत नाही. यादीत टिक मात्र केलीय.

डिसेंबरात तबल्याचे झाकीरभाई, म्हणजे झाकीर हुसेन, गेले. त्यांच्या नावापुढेही टिक होती, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तर जानेवारी उजाडला, ऑफिसात ज्यांना १८, १९, २१ ची तिकिटं मिळाली होती ते काय कपडे घालायचे यावर बोलत होते, आणि तेवढ्यात कुडाळच्या मित्राचा फोन, १८ तारखेला आमच्या वाडीत सत्यनारायण आहे, रात्री नाटक, येतंस की नाय? इथे मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी सांगतो, सिंधुदुर्गात कुणी नुसतं 'नाटक' म्हणालं तर ते बहुतेक दशावतार असतं, म्हणजे रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य. माझ्या यादीत सुधीर कलिंगण होते. नेरूरच्या कलेश्वर दशावतार कंपनीचे, लोक ज्यांना लोकराजा म्हणायचे ते. मित्र दर वर्षी म्हणायचा ये, मी दर वर्षी म्हणायचो मे महिन्यात जमवतो. ते पण गेले. म्हणून या वेळी लगेच हो म्हटलं, आणि बायकोला सुट्टी नव्हती म्हणून एकटाच शुक्रवारी रात्री कोकणकन्येत चढलो.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, स्लीपरची वरची बर्थ, पनवेलनंतर झोप. मध्ये कधीतरी कानाला दडे बसल्यासारखं झालं म्हणून जागा झालो, बोगदा होता, संपेचना, तो करबुड्याचा असणार, साडेसहा किलोमीटरचा आहे. सकाळी कणकवलीच्या पुढे दारात उभा राहिलो. थंडी होती, खरोखरची थंडी, आणि आंब्याला मोहोर. शेजारचे काका दर झाडाकडे बघून मान हलवत होते, पसंत होतं की नापसंत ते कळलं नाही.

कुडाळला उतरलो तर मित्र म्हणाला, घरी पूजेची गडबड आहे, आत्ता गेलास तर तुला कामाला लावतील, आधी पिंगुळीला जाऊ. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि बाहुल्यांची कला आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती यासाठीच. त्यांनी गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलंय. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या, म्हणजे एकेक चित्र समोर धरून त्यावर कथा गात जायची. पोथीतला रावण बघताना माझ्या लक्षात आलं की मी यातलं काहीच कधी अख्खं ऐकलेलं नाही, जे बघितलंय ते रीलमध्ये. एका संध्याकाळचं पूर्ण आख्यान. लगेच यादीत टाकलं, उल्हास कशाळकर आणि व्यंकटेशकुमार या गवयांच्या खाली. तिथेच उभ्या उभ्या.

वाडी परुळ्याच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. घरी पोचल्यावर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, किती खाल्ले ते लिहीत नाही. काकी म्हणाल्या, "रातभर जागूचा हा, आता वायच पडान घे." पडलो नाही, भोगव्याच्या किनाऱ्यावर गेलो सूर्य बुडताना. तिथे रेंज आली आणि ऑफिसच्या ग्रुपवर कोल्डप्लेचे, नेरूळच्या स्टेडियमचे फोटो धडाधड पडायला लागले, सगळ्यांच्या मनगटावर ते लुकलुकणारे पट्टे. जळलो का? हो, जळलो. समोर सूर्य बुडत होता आणि मी फोनमध्ये बघत होतो.

नाटक म्हणजे अंगणापलीकडच्या मळ्यात मांडव, दोन ट्यूबलाइट, मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा आणि रंगमंचावर फक्त एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच नदी. कंपनी टेम्पोतून आली. पूर्वी हे लोक पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायचे. मी आगाऊपणे मांडवाच्या मागे गेलो, तिथे माडाच्या बुंध्याशी बसून एकेक जण हातातल्या आरशात बघून आपापला रंग लावत होता. स्त्रीपार्टी करणारा माणूस, वय चाळिशीच्या पुढे असेल, घोटून दाढी करून गालाला हात लावून बघत होता. आणि बाजूला कंपनीचा मालक यजमानांशी बोलून आज कुठलं आख्यान ते ठरवत होता. मला माहीत होतं की संहिता नसते, संवाद जागेवर करतात, पण माहीत असणं वेगळं आणि नाटक सुरू व्हायला तासभर असताना "आज कर्ण करूया" हे कानाने ऐकणं वेगळं. कोण कुठून येणार, कुणाची गाठ कुणाशी, एवढं दहा मिनिटांत सांगून झालं. मी एका प्रेझेंटेशनच्या चार प्रॅक्टिस करतो.

पायपेटी, पखवाज, झांज. बस एवढंच. जत्रेतल्यासारखा पूर्ण आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, नव्हता, त्यातला संकासूर राक्षस नव्हता याचं पोरांना वाईट वाटलं, गणपती येऊन गेला आणि आख्यान सुरू. पहिला तासभर खरं सांगतो मला कंटाळा आला. राजे येतात, आपण कोण ते स्वतःच सांगतात, आरोळ्या, गोल गोल फिरून युद्ध. हास्यपार्टीने सरपंचांवर आणि मुंबईकरांवर जोक केले, माझ्याकडे बघून एक, जो मला कळायच्या आत सगळा मांडव हसून मोकळा झाला होता.

मग रात्री दीड-दोनच्या सुमाराला कुंती आली. तोच घोटून दाढी केलेला माणूस. पांढरं लुगडं, हातात काही नाही, येऊन बाकड्याच्या टोकाला बसली, आणि गप्प. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. कर्ण उभा. कुंती म्हणते मी तुझी आई, कर्ण म्हणतो माझी आई राधा, हे सगळं आपल्याला पाठ असतं, पुढे काय होणार तेही माहीत असतं, तरी मांडवात हालचाल थांबली होती. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूला एक तान्हं मूल रडायला लागलं. चांगलं टाहो फोडून. आई त्याला घेऊन उठायला लागली, लोक मागे वळून बघायला लागले, मला वाटलं गेलं, आता सीन गेला. कुंतीने मान त्या बाजूला वळवली. बराच वेळ तिकडेच बघत राहिली. आणि कर्णाकडे न बघता म्हणाली, "असाच आवाज होता तुझा. पेटी सोडली तेव्हा पाण्यावरून येत होता. मी उठले नव्हते."

पखवाज थांबला होता. ते मूल रडतच होतं, आणि आता ते कुणालाच गप्प करायचं नव्हतं. उठलेली आई तशीच उभी राहिली, तिला कळेना बसायचं की जायचं. कर्णाचं काम करणारा पोरगा, पंचविशीचा असेल, त्याला याच्यावर काय बोलायचं ते सुचलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. तो खाली बसला. नुसता कुंतीच्या पायाशी जमिनीवर बसला. मग कुठून तरी एक झांज हलकेच वाजली आणि गाडी पुढे सरकली. हे परवा दुसऱ्या गावात होणार नाही, तिथे मूल रडणार नाही किंवा भलत्याच वेळी रडेल. मी व्हिडिओ काढला नाही. काढायचं सुचलंच नाही, नाहीतर मी प्रत्येक गोष्टीचा काढतो.

पहाटे नाटक संपलं. काकींनी सगळ्या कंपनीला चहा दिला, मी कप वाटायला गेलो. कुंती लुंगीवर बसून खोबरेल तेलाने रंग काढत होती, सॉरी, होता. मी जाऊन म्हटलं ते बाळाचं वाक्य जबरदस्त होतं. त्यांनी "होय काय?" एवढंच म्हटलं आणि कानामागचा रंग पुसत राहिले. पुढची रात्र वेंगुर्ल्याच्या बाजूला होती, परवा अजून कुठे, असं मे संपेपर्यंत, त्यांना झोप हवी होती.

बोलले ते पखवाजवाले. पन्नाशीचे, टेम्पोला टेकून बिडी ओढत होते. मुंबईहून आलो म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झाकीर हुसेन यांच्याबद्दल. "समोर बसान बघितलात?"

म्हटलं हो. तीच ती टिक. दर ३ फेब्रुवारीला ते वडिलांच्या, उस्ताद अल्लारखाँच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, मुंबईत षण्मुखानंदमध्ये दिवसभराचा कार्यक्रम करायचे, अगदी पहाटेपासून, तिथे काही वर्षांपूर्वी गेलो होतो. यांना सगळं माहीत होतं, तारीख, हॉल, किती वाजता सुरू होतं ते सुद्धा. वीस वर्षं जायचं मनात होतं म्हणाले. "पण तीन फेब्रुवारी म्हणजे आमचो भर सीझन. मी खाडो केलंय तर पखवाजार बसतलो कोण?"

आणि मला आठवलं की मी त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाहेर पडून माटुंग्यात इडली खाल्ली होती, पोट भरल्यावर झोप आली, ऊन होतं, आणि मी संध्याकाळच्या सत्राला परत गेलोच नव्हतो. घरी जाऊन झोपलो होतो. हे त्यांना सांगितलं नाही. ते विचारत होते, बायां, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, कसा वाजवीत, मनगट उचलत काय, समोरच्या गवयाकडे बघत की खाली? मला यातलं काही सांगता येईना. मी म्हटलं खूप हसत होते. ते म्हणाले तां म्हायत आसा.

मग फोन काढला. एक क्लिप होती, बाल्कनीतून, पोराटोरांसारखा लपून काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, समोर कुणाचं तरी डोकं, लांब स्टेजवर पांढरा कुर्ता आणि केस, आवाज फाटलेला.

"हात दिसतत काय?"

झूम केलं, तर नुसते चौकोन चौकोन झाले. तरी त्यांनी बिडी विझवली, फोन दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेला. संपल्यावर म्हणाले एकदा आणि लावा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन माझ्या हातात होता, आणि त्यांची बोटं टेम्पोच्या पत्र्यावर चालली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.