ठेल्यावरची वही

माझं औषधाचं दुकान नागपूरच्या मानेवाडा रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. एकवीस वर्षं झाली. गल्लीत मला सगळे 'मेडिकलवाले भाऊ' म्हणतात, खरं नाव फक्त बँकेच्या पासबुकात उरलंय.

काउंटरखाली एक जाड रजिस्टर असतं, 'एच-वन' नावाच्या सरकारी यादीतल्या औषधांचं. मार्च 2014 पासून ठरावीक औषधं विकली की त्यात लिहावं लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं. तीन वर्षं ते जपून ठेवायचं. त्या यादीत बरीच अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत आणि अल्प्राझोलम, ट्रॅमाडॉल, कोडीन अशी माणसाला धरून ठेवणारीही आहेत. संध्याकाळच्या गर्दीत ते लिहिणं म्हणजे नुसती कटकट वाटायची.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, एक पोट्टा आला. सोळा-सतरा वर्षांचा, ओळखीचा. मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो, कोडीनवालं खोकल्याचं सिरप. "आईले खोकला आहे भाऊ, थे कामावर गेली." त्याची आई चार घरी स्वयंपाक करते, बीपीची गोळी माझ्याकडूनच नेते. दिलं. नऊ दिवसांनी परत आला, परत दिलं. मूळ चिठ्ठी मागायला हवी होती, मागितली नाही. मग एक दिवस दुसराच पोट्टा आला आणि त्याच्या मोबाइलमध्ये तोच फोटो. कागदाला तीच घडी, कोपऱ्यात तोच चहाचा डाग. त्याला हाकललं आणि रजिस्टर उघडून बसलो. दोन नोंदी, दोन्ही त्या बाईच्या नावावर, दोन्ही माझ्या अक्षरात.

महिनाअखेरीला ती गोळ्या न्यायला आली. मी विचारलं, "खोकला कसा आहे ताई?"

"कोणाले?"

बस, एवढंच. पुढचं मला तिला सांगावं लागलं.

आमच्या ले-आउटमधली व्यसनमुक्ती समिती याच सुमारास सुरू झाली. कारण वेगळंच होतं. शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटवर पंक्चरच्या सोल्यूशनच्या रिकाम्या ट्यूब आणि त्याच वासाच्या प्लास्टिकच्या पन्न्या सापडल्या (पोरं नशेसाठी ते हुंगतात), आणि मुख्याध्यापिका मॅडम स्वतः एका पिशवीत भरून गणेश मंडळाच्या टिनाच्या शेडमध्ये घेऊन आल्या. पहिल्या मिटिंगला चाळीस माणसं. एकामागून एक भाषणं. 'युवा पिढी' हा शब्द मी सतरा वेळा मोजला. ठराव झाला, फोटो निघाला, चहा झाला. दुसऱ्या मिटिंगला अकराजण आलो.

त्या अकरांत कोण होते ते सांगतो, कारण पुढे बहुतेक हेच टिकले. मॅडम, अंगणवाडीची ताई, बचत गटाच्या दोघी, ट्यूशन घेणारा एक सर, एक ऑटोवाला (शाळेची पोरं नेतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत), मंडळाचा सेक्रेटरी, बीटवरचा एक हवालदार जो ड्युटी नसतानाही यायचा, कॉलनीतला एक तरुण डेंटिस्ट, एक आजी आणि मी. आजी कोणाची आजी हे अजून नीट कळलेलं नाही, पण त्या एकही मिटिंग चुकवत नाहीत.

नागपुरात व्यसनाची सुरुवात बहुतेक वेळा कशाने होते हे बाहेरच्याला सांगावं लागतं. खर्रा. सुपारीचे काप, तंबाखू, चुना, पाण्याचे दोन थेंब, आणि हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिलेलं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खर्रा तर ठेल्यावर गिऱ्हाइकासमोर ताजा तयार होतो. अंत्यविधीपासून बारशापर्यंत तो चालतो. घरी मामा आला की भाच्यालाच पाठवतात, "जा बे, एक खर्रा घेऊन ये." दहा वर्षांच्या पोराला ठेलेवाला नावाने ओळखतो. मग तोच पोरगा चौदाव्या वर्षी स्वतःसाठी घेतो तेव्हा आपण छाती बडवायची.

डेंटिस्टने सडक्या तोंडांचे फोटो आणले नव्हते. तो म्हणाला, तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी दातांमध्ये घाला. सुपारीने गालाच्या आतला पापुद्रा हळूहळू दोरीसारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. ज्यांची तीन बोटं जातात त्यांचं बरं आहे. पोट्टे हसत हसत बोटं घालू लागले. सेक्रेटरीनेही घातली. त्यांची दोनच गेली. शेड एकदम चूप. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवसापासून खर्रा सोडला असं लिहायला मला फार आवडलं असतं. बारा दिवस सोडला.

खरी गोम इथेच होती. मिटिंग चालू असताना दर वीस मिनिटांनी कोणी ना कोणी 'आलोच' म्हणून उठायचं. शेडपासून वीस पावलांवर पानठेला. व्यसनमुक्ती समितीची बैठक, आणि बैठकीतला अर्धा वेळ ठेल्यावर. तिसऱ्या का चौथ्या बैठकीत आजी म्हणाल्या, "अरे, तुम्ही सारेच त्याच्यापाशी जाता तर त्यालेच इकडे बोलावा ना."

ट्यूशनवाले सर भडकले. विकणाऱ्यालाच समितीत घ्यायचं? मी तेव्हा पहिल्यांदा रजिस्टरचं सांगितलं, त्या दोन नोंदींचं. म्हटलं, मग मलाही काढा. कोणी काही बोललं नाही. ठेलेवाल्याला बोलावणं गेलं.

तो आला, हातपाय धुऊन, शर्ट बदलून. मागच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "कायदा मले माहीत आहे. अठराच्या आतल्याले देऊ नये, शाळेपासून शंभर यार्डात ठेला नको. माहा ठेला पिवळ्या रेघेच्या बाहेर आहे, मोजून घ्या." खरंच होतं. 2003 च्या तंबाखू कायद्यातले शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर, आणि त्याचा ठेला पंच्याण्णववर. हवालदार म्हणाला, अल्पवयीन पोराला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत जाऊ शकतोस, लाखापर्यंत दंड वेगळा. तो म्हणाला, "साहेब, मी नाही देल्ला तर समोरचा देते. समोरच्यानं नाही देल्ला तर कोपऱ्यावरचा देते. मले एकट्यालेच कायले पकडता?"

आम्ही सगळे इतकी वर्षं पोरांना समजावत होतो, आणि हा माणूस आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून गेला की पोट्टे कधी येतात (दुपारी दोन ते पाच, शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत), कोण कोणासाठी घेतं, कोणाची उधारी किती, खर्ऱ्यावरून कोण कशावर गेलं. तो म्हणाला, खर्रा घेणारा अचानक खर्रा घेईनासा झाला की मला भीती वाटते, कारण तो सुधारला नसतो, दुसरीकडे गेला असतो. एमडीचं, म्हणजे मेफेड्रॉन या ड्रगचं नाव त्याने आवाज खाली करून घेतलं.

सात ठेले आहेत आमच्या भागात. सातही जणांना एकदाच बसवायला दीड महिना लागला. ठरलं ते इतकंच: शाळेचा गणवेश दिसला किंवा वय दिसलं की नाही म्हणायचं, 'मामासाठी' म्हटलं तरी नाही, मामाने स्वतः यावं. खर्रा बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. यावरून दोन सदस्य सोडून गेले. त्यांचं म्हणणं, ही तडजोड आहे. आहेच. माझ्या दुकानात कोडीन विकणं बंद आहे का? नाही. मूळ चिठ्ठी बघून, लिहून विकतो. तेवढंच त्यांच्याकडून मागितलं.

माझा साडू गडचिरोलीला असतो. तिथे 1993 पासून दारूबंदी, आणि 2016 पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' अभियान चालतं. गाव स्वतः ठरवतं, गावातल्या बायका संघटना करून उभ्या राहतात. साडू म्हणाला, तुम्हीही तसंच करा. करून पाहिलं. पण गावात सगळे सगळ्यांचे काही ना काही लागतात. आमच्या गल्लीत अर्धे भाडेकरू, अकरा महिन्यांनी नवीन चेहरे. इथे बायकांना एकत्र आणायचं तर बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशीच आणावं लागतं. तसं आणलं तेव्हा निम्म्या जणींनी पदराआडून सांगितलं की त्या स्वतः गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट लावतात, सकाळी दात घासायला म्हणून. पोरी बघतात. या विषयावर अजून धड बोलणं झालेलं नाही.

एकदा मॅडमनी आइसलंडचं वाचून दाखवलं. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेले असायचे, 2016 मध्ये ते 5 टक्क्यांवर आले. मुलांना खेळ-संगीत दिलं, पालकांनी एकमेकांशी करार केले. ऑटोवाला म्हणाला, "मॅडम, तिथं बर्फ आहे. इथं मे महिन्यात पंचेचाळीसमध्ये कोणता खेळ खेळता?" पण मुद्दा लागला. दोन ते पाच हेच भोक बुजवायचं होतं. शाळेच्या दोन खोल्या दुपारी उघड्या ठेवल्या, कॅरम आणि ट्यूशन एकत्र. संध्याकाळी तो ट्यूब सापडलेला प्लॉट. मलबा उचलायला पंधरा दिवस लागले. एका दिव्याचा अर्ज एका कार्यालयात सात महिने फिरला, शेवटी हॅलोजन आम्हीच वर्गणीतून लावला.

खेळ फुटबॉलच का, तर एक चेंडू पुरतो. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी याच शहरात 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी 'स्लम सॉकर' उभं केलं, ते आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. आमच्याकडे तसा कोच नाही. हवालदार शिट्टी वाजवतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ईडा-पीडा गावाबाहेर घालवायच्या मारबतीच्या मिरवणुकीला पोरांनी खर्ऱ्याचा बडग्या, म्हणजे पुतळा केला. बांबूवर पोतं, गळ्यात पन्न्यांची माळ. "ईडा पीडा, खर्रा-गुटखा घेऊन जाय गे मारबत!" घसा बसेपर्यंत ओरडले. बडग्या धरणाऱ्या पोट्ट्याच्या मागच्या खिशातून पुडी पडली ती आजींनीच उचलली आणि माळेत ओवून टाकली.

तो पहिला पोट्टा, सिरपवाला. त्याची आई आणि मी त्याला सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेलो. आधी व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14446 वर फोन लावला होता, तिथल्या बाई चांगलं बोलल्या, घाई केली नाही. पोरगा चार महिने ठीक होता, मग दिवाळीत घसरला, मग परत जायला लागला. सध्या जातो आहे. मैदानावर गोलकीपर असतो, आणि वाईट असतो.

ठेलेवाल्याने मध्यंतरी माझं रजिस्टर मागून पाहिलं. "असंच मलेही करायचं आहे, पण नावं नको." आता त्याच्याकडे एक शंभर पानी वही आहे. ज्या पोट्ट्याला तो नाही म्हणतो त्याची एक उभी रेघ, पाचवी आडवी. रात्री ठेला बंद करताना येऊन मला दाखवतो. काल सात होत्या, आज नऊ. वाढल्या म्हणजे बरं झालं की वाईट, यावर आमचा शटर अर्धं ओढून वाद चालू आहे.