“न्हाणीत पाय घसरला”

सातारा-कराडकडच्या कॅज्युअल्टीत हे वाक्य सिस्टरांना नवीन नाही. खरंच घसरलेली बाई हात टेकते, म्हणून मनगट, कोपर, गुडघ्याला लागतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, कानामागे सूज, एक डाग पिवळट आणि दुसरा ताजा, असं दिसलं की न्हाणीला दोष देण्यात अर्थ नाही, हा घरातला मार असू शकतो.

सासू उशाशी उभी असताना विचारलं तर उत्तर बदलणार नाही. नवऱ्याला केसपेपरसाठी खिडकीवर धाडा, लघवी तपासायच्या निमित्ताने तिला आत घ्या. मग सरळ विचारा, “ताई, घरात कोणी हात उचलतं का?” नाही म्हणाली तर खोदू नका, पुन्हा बोलायला वाट मोकळी ठेवा. “मग सोडत का नाही?” हे तर कधीच नको, तो प्रश्न माहेरानेही विचारून झालेला असतो.

एक प्रश्न मात्र चुकवू नका: “गळा दाबला होता का?” आपणहून बायका हे सांगत नाहीत आणि गळ्यावर खूण असेलच असं नाही. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, त्या वेळी लघवी झाली होती, यांतलं काहीही असलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. सूज किंवा मानेच्या रक्तवाहिनीतली गुठळी नंतरही जिवावर बेतते. गरोदर असेल तर पोटावर मार बसलाय का ते विचारा आणि बाळाचे ठोके बघा.

नोंदीत “घरगुती भांडण” लिहिलं की केस तिथेच मेली. तिचे शब्द अवतरणात घ्या: “नवऱ्याने पट्ट्याने मारले.” जखम कुठे, किती सेंटिमीटर, कोणत्या रंगाची, सगळं लिहा. रंगावरून ती किती दिवसांची हे ठरवू नका, तो अंदाज फसतो. आणि घरी नेण्याच्या कागदावर यातलं काही नको. तो कागद नवरा वाचतो.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, तिने तक्रार केलेली नसली तरी रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची नोंद करायचा ठरलेला फॉर्म, आधी झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) पाठवायचा असतो. तपासणी अहवालाची प्रत तिला फुकट मिळते, पण ती घरी न्यायची की नाही हे तिलाच ठरवू द्या.

घरी जायची भीती वाटते म्हणाली तर रात्रीपुरतं वॉर्डात ठेवता येईल का ते डॉक्टरांना विचारा, सखी वन स्टॉप सेंटरला (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) कळवा. जाणारच असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, चिठ्ठी नको. आधार, पासबुक, औषधं विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सांगा.