जानेवारीचा समुद्र जुलैमध्ये

सिंधुदुर्ग जिल्ह्याला 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा मी शाळेत होतो आणि देवबागमध्ये पाहुण्यांसाठी खोल्या बांधणे हा व्यवसाय होऊ शकतो, असे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. आज मी मालवण तालुक्यातील काही घरगुती निवासांची इंटरनेटवरील जाहिरात सांभाळतो. बुकिंगच्या पोर्टलांवर खोल्यांचे दर भरणे, नकाशावरील खूण बरोबर जागी आहे ना हे पाहणे, आलेल्या अभिप्रायांना उत्तरे लिहिणे आणि लहान व्हिडिओ तयार करून टाकणे, असे हे काम आहे. काही वर्षांपूर्वीच्या जुलैमधील एका रविवारने या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास देवबागच्या एका काकींचा फोन आला. रात्रभर गाडी चालवून सोलापूरहून एक कुटुंब त्यांच्याकडे आले होते. आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. पाऊस कोसळत होता. खोलीत सामान ठेवल्याबरोबर त्यांनी स्कूबासाठी, म्हणजे श्वसनाचे साधन लावून समुद्रात बुडी मारण्यासाठी, होडी किती वाजता निघेल, असे विचारले. काकी फोनवर म्हणाल्या, "अरे झिला, पावसात दर्या खवळलेलो असता, ह्यांका कोणी सांगूक नाय काय?"

मी तेथे पोहोचलो तेव्हा ती मंडळी पडवीत बसून होती. समोर माडांच्या पलीकडे गढूळ, राखाडी लाटा किनाऱ्यावर आदळत होत्या आणि त्यांचा आवाज इतका होता की बोलताना आवाज चढवावा लागत होता. साधारण बारा वर्षांच्या नातीने आईचा मोबाईल माझ्यापुढे धरला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात मी स्वतः चित्रित केलेला व्हिडिओ त्यावर सुरू होता: स्वच्छ निळे पाणी, तळाशी प्रवाळ, त्यांच्याभोवती फिरणारे पट्टेरी मासे. तो जानेवारीतला होता. "काका, हा समुद्र कुठं आहे?" असे तिने अगदी सरळपणे विचारले. त्यांच्यापैकी कोणीही यापूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला त्यानंतर आजोबांकडून कळले.

हे कसे घडले, ते शोधताना मला माझीच चूक सापडली. निवासांची समाजमाध्यमांवरील पाने काही आठवडे शांत राहिली, तर त्यांवरील मजकूर लोकांसमोर कमी येतो, या समजुतीने मी मे महिन्यातच जून-जुलैसाठी जुने व्हिडिओ रांगेत लावून ठेवले होते. ते ठरलेल्या दिवशी आपोआप प्रसिद्ध होत होते. दुसरीकडे, पावसाळ्यात पाहुणे कमी असतात म्हणून पोर्टलवर खोल्यांचे दर मी जवळजवळ निम्मे केले होते. निळे पाणी आणि निम्मा दर एकाच आठवड्यात एकाच कुटुंबासमोर आले. त्या व्हिडिओवर ठिकाणाचे नाव होते, संपर्क होता, पण महिना नव्हता. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा बंद होतात आणि पावसाळा ओसरेपर्यंत बंदच राहतात, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच ते लिहिण्याची गरज आहे, हे मला कधी जाणवले नाही.

मी त्यांची क्षमा मागितली आणि पैसे परत करण्याची तयारी दाखवली. मुलगा रागावलेला होता, आणि त्याचा राग पूर्णपणे योग्य होता. आजोबांनी मात्र विचारले, "मग या दिवसांत इथं काय असतं, ते तरी दाखवा."

दुपारच्या जेवणात सुरमई किंवा पापलेट देता येण्यासारखे नव्हते, कारण 1 जून ते 31 जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. काकींनी खाडीतल्या कुर्ल्यांचे कालवण, टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचे सांबार आणि घावणे केले. माशांच्या प्रजननाच्या काळात समुद्राला विश्रांती दिली जाते, हे मी मुलांना सांगितले तेव्हा धाकट्याने "समुद्राला पण सुट्टी असते?" असे विचारले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हसले. नंतर मी त्यांना धामापूरला घेऊन गेलो. हा तलाव 1530 साली बांधलेला असून 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली आहे. गर्द झाडीने वेढलेले ते काठोकाठ भरलेले पाणी आणि काठावरचे भगवतीचे मंदिर पाहून, ज्यांचे आयुष्य कमी पावसाच्या मुलखात गेले असे आजोबा बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिले. परतताना ते एवढेच म्हणाले, की हे तुम्ही कुठेच का टाकले नाही?

खरोखरच टाकले नव्हते. माझ्याकडे धामापूरचा एकही व्हिडिओ नव्हता, टाकळ्याच्या भाजीचे एकही छायाचित्र नव्हते, आंबोलीच्या धबधब्यांचा उल्लेखही नव्हता. 121 किलोमीटर किनारा लाभलेल्या जिल्ह्याचे वर्णन आम्ही एका ऋतूतल्या एका रंगावर उरकले होते.

त्या रात्री मी रांगेतील सर्व व्हिडिओ थांबवले. पुढील काही आठवड्यांत प्रत्येक चित्रफितीच्या पहिल्याच दृश्यावर महिना आणि वर्ष लिहिले. खोलीच्या वर्णनातील "स्कूबा उपलब्ध" हे शब्द काढून, जलक्रीडा साधारण ऑक्टोबर ते मे या काळात आणि हवामान व बंदर विभागाच्या परवानगीनुसारच चालतात, असे पहिल्या ओळीत लिहिले. दोन निवासमालकांना हे पटले नाही. गिऱ्हाईक आधीच घाबरून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्टलचे कमिशन देऊन हाती थोडेच उरते, त्यामुळे त्यांची काळजी मला समजत होती, तरीही मी त्यांचे काम त्या अटीशिवाय करण्यास नकार दिला आणि त्यांपैकी एक जण मला सोडून गेले. काकी मात्र आता रोज सकाळी पडवीतूनच काही सेकंदांचे चित्रण करून पाठवतात आणि त्यात स्वतःच्या आवाजात तारीख सांगतात. ते मी जसेच्या तसे टाकतो.

सोलापूरच्या त्या मुलाने घरी गेल्यावर पाचपैकी तीन तारे दिले आणि पावसाळ्यात स्कूबा बंद असते हे आधी विचारून घ्या, असे लिहिले. तो अभिप्राय खरा आहे आणि त्याखाली मी चूक मान्य करणारे उत्तर लिहिले आहे. माझा जानेवारीचा मूळ व्हिडिओ मी काढून टाकला. पण तोवर तो इतर पानांनी उचललेला होता, आणि दरवर्षी जून लागला की त्यावर महिना लिहावा, अशी विनंती मी त्या पानांना एकेक करून पाठवतो. काही जण ती मान्य करतात.